जासूसजी बर्फखान्यात

नाना, तुमची कादंबरी लोकांना आवडली आहे, आणि त्यामुळे मी पुरती अडकले आहे. कुठून सुरुवात करावी ते कळत नाही, म्हणून सरळच सांगते. रेल्वेच्या रद्दी फॉर्मांच्या कोऱ्या पाठीवर तुम्ही लिहिलेल्या, दाभणाने शिवलेल्या त्या नऊ वह्या मी गेल्या हिवाळ्यात टाइप केल्या आणि मोबाइलवरच्या एका वाचनाच्या ॲपवर टाकल्या. दर आठवड्याला एक वही, म्हणजे एक प्रकरण. आता पुण्या-नागपुरातली आणि कुठल्या कुठल्या देशांत बसलेली मराठी माणसं तुमच्या जासूसजींवर मतं देताहेत. त्यांची तारीफ, त्यांचे प्रश्न, त्यांचं 'पुढचं कधी' सगळं माझ्या नावाखाली गोळा होतंय, कारण लेखकाच्या जागी तुमचं नाही, तुमच्या मुलीचं, माझं नाव आहे.

हे असं व्हायला नको होतं. रजया उन्हात घालायच्या म्हणून आईच्या खाटेखालची लोखंडी पेटी ओढली, तर तळाशी वह्या. पहिल्या पानावर तुमच्या त्या पार्सल ऑफिसातल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं, 'लेखक : गुप्त'. सरकारी नोकरी, उगाच कोणी विचारायला नको, म्हणून तुम्ही तसं लिहायचात हे मला ठाऊक होतं. ॲपवर खातं माझं, त्यामुळे लेखकाच्या चौकटीत माझं नाव आपोआप येऊन बसलं. म्हटलं, असू दे, नंतर बदलू. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मोबाइल उघडला, तर कोणा अनोळखी माणसाने लिहिलं होतं, 'ताई, तुम्ही इतकी वर्षं होतात कुठे?' नाना, मी सत्तावन्न वर्षांची आहे. कारखान्याच्या राजभाषा विभागात इंग्रजी परिपत्रकांची हिंदी करता करता केस पिकले. मी कुठे होते हे मला आजवर कोणी विचारलेलं नव्हतं. नाव बदलायचं राहून गेलं असं मी स्वतःला सांगत राहिले, पण ते राहून गेलं नव्हतं, मी ते राहू दिलं.

लोक काय काय लिहितात ते तुम्हाला ऐकवायला हवं. आपल्या झाशीच्या सदर बाजारात सायकलच्या दुकानावर ऑफिस थाटून बसलेला, कामापेक्षा जीभ जास्त चालवणारा खाजगी जासूस, आणि त्याच्यासमोर बरुआसागरच्या सगळ्या अदरकवर कब्जा करून बसलेली सेठजींची टोळी. एका वाचकाने म्हटलंय की अदरकची टोळी वाचून तो पहिल्या पानावर हसला, आणि चौथ्या प्रकरणात आडतीचा मुनीम गायब झाला तेव्हा त्याने उठून घराची कडी तपासली. एक बाई म्हणतात, जासूसजींची आई फक्त त्यांच्या विनोदातच भेटते, तिला प्रत्यक्ष आणा. एकाने पाचापैकी तीनच तारे दिले, का, तर त्याला बरुआसागरचा किल्ला आणि तलाव अजून हवा होता. एकाचं म्हणणं, टोळीचा माणूस तमंचा रोखून उभा असताना कोणी इतका बोलेल हे पटत नाही. त्याखाली आठ-दहा जणांनी त्याची अशी हजेरी घेतली की मलाच कीव आली. ते वाक्य तर लोक एकमेकांना पाठवताहेत. तेच, सहाव्या वहीतलं : 'तमंचा खाली कर भैया, माझी आई म्हणते की जेवणाऱ्या माणसाकडे उंगली पण नाही दाखवायची.' आणि सेठजींना चहाच्या वेळी मारलेला तो टोला, 'इतकी अदरक दाबून बसलात नि चाय फीकी पिता, मग लोकांना मारता कशाला, त्यांना आपली चायच पाजा.' मी टाइप करताना ऑफिसच्या ऑटोत हसले होते. ऑटोवाल्याने आरशातून पाहिलं आणि विचारलं, दीदी, सब ठीक?

पण सगळ्यांत जास्त लोक लिहितात ते भाषेबद्दल. पुण्याच्या एका गृहस्थांनी, ते कुठेतरी शिकवतात म्हणे, दीड पानाचा अभिप्राय लिहिला आहे. लेखिकेने हिंदी, बुंदेली आणि मराठी यांचा असा सांधा जुळवला आहे की ही एक नवीच बोली वाटते, हा प्रयोग फार विचारपूर्वक केलेला आहे, वगैरे. नाना, प्रयोग! आपण घरात जसं बोलतो तसं तुम्ही लिहिलंत, त्यात विचारपूर्वक काय होतं? 'दरवाजा लाव, मच्छर येतील' हे काय प्रयोग म्हणून म्हणत होतो का आपण? मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण याच भाषेवरून एकदा एक अभिप्राय तुम्हाला मिळाला होता, आणि तो कोणी लिहिला होता ते तुम्हालाही माहीत आहे.

तेव्हाचे अभिप्राय कसे यायचे ते मी या लोकांना सांगू शकत नाही. सांगितलं तर सगळंच सांगावं लागेल. रेल्वे कॉलनीतली अकरा मराठी घरं आणि इकडे खंडेराव गेटला दोन, अशी तेरा घरं वही फिरायची. कापडी पिशवीत वही, आणि रिकामी पिशवी द्यायची नाही म्हणून सोबत कोणाच्या घरची चकली, कोणाचं लिंबाचं लोणचं. तुमचा नियम एकच होता. वाचून झालं की शेवटच्या पानावर मत लिहायचं, त्याशिवाय वही पुढच्या घरी जाणार नाही. सही करायची नाही, म्हणजे लोक खरं बोलतील. तेरा घरांत सगळे सगळ्यांचं अक्षर ओळखायचे ही गोष्ट वेगळी. समोरच्या क्वार्टरमधल्या काकू दर वेळी तीनच शब्द लिहायच्या, 'चहा थंड झाला', आणि तुम्ही ते वाचून खूष व्हायचात. एक कोणीतरी सतत लिहायचं की जासूसजींचं लग्न लावून टाका. खंडेराव गेटचे रिटायर्ड गार्डसाहेब फक्त चुका काढायचे : 'बरुआसागरला सकाळी सातला बस नसते. पहिली बस आठची.' आणि तुम्ही काय करावं? पुढच्या वहीत जासूसजी सातच्या बससाठी स्टँडवर उभे, बस येते आठला, ते एक तास उशिरा पोचतात आणि तेवढ्यात मुनीम गायब होतो. गार्डसाहेब पुढे वर्षभर सांगत फिरत होते की मुनीम माझ्यामुळे गेला.

तुम्ही असंच लिहायचात. तेरा घरांची मतं आल्याशिवाय पुढची ओळ नाही. आणि प्रत्येक मत मानायचं. पटलं नाही तरी त्याचं काहीतरी करायचं. लग्नवाल्यांचंही तुम्ही ऐकलंतच, तिसऱ्या वहीत जासूसजी मुलगी पाहायला जातात आणि तिच्या बापालाच टोळीतला म्हणून पकडून देतात. वही फिरून आली की आई ती डब्याच्या पिशवीत घालायची, आणि डबा घेऊन मी स्टेशनवर यायचे. पार्सल ऑफिसात महोब्याच्या विड्याच्या पानांच्या ओल्या टोपल्यांचा वास, तागाच्या गाठोड्यांवर तुम्ही काळ्या शाईने मारलेले शिक्के, आणि मधे टेबलाशी तुम्ही. डबा बाजूला ठेवून तुम्ही आधी शेवटचं पान उघडता. एकेक मत वाचता, चष्मा वर करता, मान हलवता. हमाल विचारतो, बाबूजी, घरसे चिट्ठी आई क्या? तुम्ही म्हणता, तेरह आई हैं. मी तिथे वजनकाट्याच्या पाटावर बसून वाट पाहते, आणि मला वाटतं की सगळ्या जगात माझ्या वडिलांइतकं महत्त्वाचं टपाल कोणाला येत नसेल.

मग मी सोळा वर्षांची झाले आणि सुट्टीत पुण्याला आत्याकडे गेले. दहावी पास झाले म्हणून तुम्ही दिलेलं दोन रंगांचं पेन माझ्या खिशाला होतं, एका बाजूने निळं, दुसऱ्या बाजूने लाल. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, मला प्यास लागली आहे, आणि आत्याची मुलं हसून लोळली. मग ती माझ्या मागेच लागली. मी काय बोलते ते त्यांनी वहीत लिहून ठेवायला सुरुवात केली. बिजली गेली. भाजी जळून गेली ना, मी काय करू. छतावर चल. जेवताना ती यादी वाचली जायची, आणि आत्या पण पदर तोंडाला लावून हसायची. वाईट मनाची नव्हती ती, पण हसायची. त्यांनी मला विचारलं, तू वडिलांना नाना म्हणतेस, तिकडे तर नाना म्हणजे आईचे वडील ना? कॉलनीतल्या मुलांनाही पूर्वी वाटायचंच की मी आजोळी राहते. महिनाभर मी जवळजवळ मुकी राहिले. पुण्यात कोणाला कळू नये असं माझं काहीतरी आहे, आणि ते चोरी किंवा रोग नसून माझं बोलणं आहे, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. परतीच्या गाडीत मी ठरवलं की हे आता आपल्या घरात चालू द्यायचं नाही.

घरी आले तर नववी वही बारा घरं फिरून आपल्याकडे आलेली. शेवटचं मत आपल्या घराचं असायचं, आणि ते लिहायचं काम माझं. ही ती वही, ज्यात टोळीचे लोक जासूसजींना बर्फखान्यात कोंडतात. चारी बाजूंनी बर्फाच्या लाद्या, दाराला बाहेरून कडी, आणि जासूसजी दाराच्या फटीला तोंड लावून पहारेकऱ्याला शेवटचं वाक्य म्हणतात, 'भैया, कोणी विचारलं तर सांग, एक जासूस आहे, ताजा आहे, अजून दोन दिवस टिकेल.' तिथे वही संपते. मी पेन उलटं केलं आणि लाल बाजूने सुरुवात केली. प्यास खोडून तहान, बिजली खोडून वीज, अंदर खोडून आत. पानंच्या पानं. आणि शेवटी, बाकीच्या बारा मतांच्या खाली, लाल शाईत लिहिलं : 'याला मराठी म्हणत नाहीत. पुण्यात कोणी हे वाचलं तर हसेल. आधी शुद्ध लिहायला शिकावं.' शिकावं, असं लिहिलं मी. तुम्हाला.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मीच आले. न येता कुठे जाणार, आईने पिशवी हातात दिली होती. तुम्ही नेहमीप्रमाणे आधी वही उघडलीत. बारा मतं वाचलीत, हसलात, मग माझ्या मतावर आलात. मी पाटावर बसून गाठोड्यांवरचे शिक्के वाचत होते. तुम्ही पानं मागे उलटून सगळ्या लाल खुणा पाहिल्यात, एक पान सोडलं नाहीत. मला वाटलं होतं तुम्ही ओरडाल. ओरडला असतात तर मी रडले असते आणि गोष्ट तिथेच मिटली असती. तुम्ही एवढंच विचारलंत, "पुण्यात असं बोलतात?" मी म्हटलं, हो. तुम्ही म्हणालात, "फिर तो ठीकच लिहिलं तू." वही ड्रॉवरमध्ये ठेवलीत, डबा उघडलात, आणि आईने भेंडीत आज मीठ कमी घातलंय असं म्हणालात. त्यानंतर दहावी वही तेरा घरांपैकी कोणाकडेच गेली नाही. लोक विचारायचे, तुम्ही म्हणायचात, ऑफिसात काम वाढलंय. तुम्ही गेलात तोपर्यंत जासूसजी तिथेच होते. आणि मीही, बघा, झाशीतच राहिले. पुण्याला नोकरी करायचा विषय दोनदा निघाला, आणि दोन्ही वेळा मला ते जेवणाचं ताट आणि ती यादी आठवली.

आता माझ्या अडचणीकडे येते. नऊ प्रकरणं टाकून झाली आणि लोक दहाव्यासाठी हटून बसले. गोष्ट अर्धी सोडणारी लेखिका म्हणून मला बोलू लागले. मी दहावं प्रकरण लिहिलं, नाना. दोन महिने लागले. जीभ चालवायला बसले की एक शब्द सुचायचा नाही. तीस वर्षं जी मी परिपत्रकं करते तीच माझ्या हातातून निघाली. शेवटी पोलीस आणले. 'पोलिसांनी दार तोडून गुप्तहेराची सुखरूप मुक्तता केली व टोळीतील सर्व सदस्यांना ताब्यात घेतले.' लोकांनी मला सोडलं नाही. एकाने विचारलं, नऊ प्रकरणं जासूसजी होते, मग दहाव्यात हा गुप्तहेर कोण आला? एक बाई म्हणाल्या, बातमी वाचल्यासारखं वाटलं. शिकवणाऱ्या गृहस्थांनी मात्र मला वाचवलं. ते म्हणाले की शेवट मुद्दाम मृत ठेवला आहे, ही व्यवस्थेवर टीका आहे.

मग पुण्याच्या एका प्रकाशक बाईंचा फोन आला. पुस्तक काढायचं आहे, आणि दुसरा भागही, त्याच भाषेत, त्याच जासूसजींचा. करार पाठवला आहे, सही करा. इकडे आपल्या मराठी मंडळाला कोणीतरी सांगितलं, तर त्यांनी येत्या रविवारी माझा सत्कार ठरवून टाकला. मी घाबरले. एक दिवस धीर करून प्रकाशक बाईंना म्हटलं, हे पाहा, ते शेवटचं प्रकरण तेवढं माझं आहे, बाकीचं माझं नाही. त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, तुम्ही अगदी तुमच्या जासूसजींसारख्या आहात हो, हे वाक्य आपण मलपृष्ठावर टाकू. नाना, मी आयुष्यात एक खरी गोष्ट बोलले आणि तो विनोद ठरला. मंडळाच्या सेक्रेटरींना फोन केला, म्हटलं, सत्कार नको, ही कादंबरी नानांची आहे. ते म्हणाले, हो ना ताई, सगळं वडिलांचंच असतं, हे भाषणात जरूर बोला, लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल. आणि पोस्टर तो छप गया है. ज्या दाराला हात लावावा ते बाहेरून बंद, असं झालं होतं मला. रात्रीची झोप उडाली, ऑफिसात चुका होऊ लागल्या, मोबाइल वाजला की मी तो उलटा ठेवायचे. कौतुकाचा असा त्रास होतो हे मी कोणाला सांगणार?

आईला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. तिने शेजारणींकडून ऐकलं होतं, आणि तिला आता अक्षर दिसत नाही, म्हणून ती म्हणाली, सारे तुझं वाचतात, मला पण वाचून दाखव. परवा सकाळी स्वयंपाकघरात ती पाटावर बसून मटार सोलत होती आणि मी ओट्याला टेकून मोबाइलवरून वाचायला लागले. पहिल्या पानालाच तिचे हात थांबले. मग पुन्हा सोलू लागली, आणि मधे मधे हसायची ती नेमकी तुम्ही हसवायचात तिथे. काही वाक्यं माझ्या आधी म्हणायची. दोन दिवस आम्ही वाचत होतो. दहावं प्रकरण आलं. ते ऐकताना ती एकदाही हसली नाही. पोलीस आले, दार तुटलं, मुक्तता झाली. मी मोबाइल खाली ठेवला. ती बराच वेळ दाणे चाळत बसली. मग म्हणाली, "हे शेवटचं तू लिहिलंस ना?"

मी हो म्हटलं.

"राहू द्यायचं होतंस ना त्याला अंदर. ह्यांनी ठेवला होता तिथे कम से कम बोलत तर होता. तू बाहेर काढलंस नि गूंगा करून टाकलंस."

मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. सगळं सांगितलं, लाल पेन, पुणं, लेखकाची चौकट, रविवार. तिने ऐकून घेतलं. लाल शाईचं तिला तेव्हापासून माहीत होतं. तिने एवढंच विचारलं की दहावी वही मी पाहिली का. मी म्हटलं, ती कोरी आहे. पेटीत तुमच्या वह्यांबरोबर एक दहावी होती, शिवलेली, पहिलं पान कोरं, म्हणून मी ती न उलटताच बाजूला ठेवली होती. आई म्हणाली, नीट बघ जा.

दुसऱ्या पानावर तीन ओळी आहेत. 'तदनंतर गुप्तहेराने सभोवार दृष्टिक्षेप केला.' खोडलेली. त्याखाली, 'गुप्तहेरास अतिशय तहान लागली होती.' तीही खोडलेली. त्याखाली, 'आत अत्यंत शीत होते व वीज' आणि तिथे ओळ सोडून दिलेली. तहान, आत, वीज. माझे तीन शब्द. मग सगळी पानं कोरी, पण मोजून शिवलेली, दर वहीत असायची तितकीच. नाना, मला इतकी वर्षं वाटत होतं की तुम्ही माझ्यावर रागावून लिहिणं सोडलंत. रागावला असतात तर बरं होतं. तुम्ही गार्डसाहेबांचं मत मानलंत, लग्नवाल्यांचं मानलंत, तसंच माझंही मानलंत. सोळा वर्षांच्या मुलीचं मत, आणि तुम्ही खरोखर शुद्ध लिहायला शिकायला बसलात. ते जमेना म्हणून थांबलात. याचं मी काय करू, मला सांगा. माफी मागायची तर कुठे मागू?

म्हणून आज सुट्टी घेतली आणि सकाळी चहा झाल्यावर कामाला लागले. लेखकाच्या चौकटीतलं माझं नाव काढून तुमचं घातलं. गुप्त नाही, तुमचं पूर्ण नाव. प्रकाशक बाईंना लांबलचक संदेश लिहिला, वह्यांचे फोटो जोडले, लाल खुणांच्या पानांसकट, म्हणजे आता तरी हसायचं कारण राहणार नाही. त्यांचं उत्तर आलं : 'मग दुसरा भाग?' मी लिहिलं, नाही. त्यावर अजून काही आलेलं नाही, आणि येवो न येवो. सेक्रेटरींना सांगितलं की पोस्टर राहू द्या, रविवारी मी येईन आणि माझ्या जागी वह्या ठेवीन, ज्याला वाचायचं त्याने उघडून वाचावं. ते म्हणाले, पण ताई, शाल कोणाला घालायची? मी म्हटलं, आईला घाला, थंडी आहे.

आता फक्त दहावं प्रकरण काढायचं उरलं आहे. तुमच्या नावाखाली माझे पोलीस नकोत. आई म्हणते तसं जासूसजींना आत ठेवायचं, फटीला तोंड लावून, बोलत. बटण दाबलं की ॲप विचारतं, हे प्रकरण काढल्यास त्याखालचे सगळे अभिप्रायही जातील, काढायचं का? जाऊ देत, सगळ्या शिव्याच तर आहेत. शिकवणाऱ्या गृहस्थांचा सोडला तर त्यात एकच बरा अभिप्राय आहे. पाच तारे, आणि खाली लिहिलंय, 'शेवट सगळ्यांत जास्त आवडला. भाषा किती शुद्ध आहे!' तो मीच लिहिला आहे, नाना, आईच्या मोबाइलवरून, आणि तो पुसवत नाही म्हणून सकाळपासून तुम्हाला हे पत्र लिहीत बसले आहे.